जुनी पिकअप घेताना: दरवाजाचा खटका, बसलेली बिजागरी, गंजलेला पत्रा

शिवारवाट

मंडळी, नमस्कार. आम्ही तासगावकडचे. द्राक्षं, थोडा बेदाणा, उन्हाळ्यात भाजीपाला. आजवर भाड्याच्या गाडीवर भागवलं, पण ऐन हंगामात गाडी वेळेवर मिळत नाही आणि तोडलेला माल बांधावर बसून राहतो. म्हणून जुनी पिकअप घ्यायचं घरात ठरलंय. २०१६ चं एक मॉडेल पाहून आलो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा कोणती कंपनी चांगली या वादात जाईल.

इंजिन आमच्या मिस्त्रींनी ऐकलं, धूर बघितला, त्यांचं समाधान झालं. टायर बरे आहेत. मला खटकतंय ते वेगळंच. ड्रायव्हरचा दरवाजा हळू लावला तर लागत नाही, आपटावाच लागतो. लागल्यावरही मागची कड सूतभर बाहेर राहते. क्लीनरच्या बाजूचा दरवाजा बाहेरच्या हँडलने उघडत नाही, काच खाली करून आत हात घालावा लागतो. मागच्या फाळक्याची एक कडी तारेने बांधली आहे. हौद्याला मात्र ताजा रंग मारलाय, अगदी चकचकीत. एजंट म्हणतो, "हे किरकोळ काम आहे मालक, तुम्ही इंजिन बघा."

याच केबिनमध्ये माझे वडील आणि माझा मुलगा बसणार आहेत. तेव्हा जाणकारांनी सांगावं, हे खरंच किरकोळ आहे का?

लोखंडकाम

शिवारवाट, मी डेंटिंगचं काम करतो, मिरजेच्या बाजूला. एजंटाचं हे वाक्य आमच्या कानावर रोज पडतं. इंजिन उघडून बांधता येतं, त्याचे सगळे भाग बाजारात मिळतात. पत्रा कुजला की तो परत आणता येत नाही, ठिगळच लावावं लागतं. त्यामुळे तुम्ही बरोबर ठिकाणी अडकलात.

दरवाजा आपटावा लागण्याची कारणं अनेक असतात आणि त्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक असतो. आधी हे करून बघा. दरवाजा अर्धा उघडा, खालचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी धरून वर उचला. दुसऱ्या माणसाला बिजागरीकडे बघत उभं करा. दरवाजा वरखाली हलला तर बिजागरीत खेळ आहे. ड्रायव्हरच्या बाजूला हे हमखास सापडतं, कारण चढता-उतरताना माणूस दरवाज्याला लोंबकळतो आणि सगळा भार त्या दोन पिनांवर जातो. आता नेमकं काय हलतंय ते बघा. पीन हलत असेल तर घाबरू नका. लेथवाल्याकडून पितळी बुश आणि नवी पीन करून घेता येते. पण बिजागरीसकट खांबाचा पत्राच हलत असेल, तिथे भेग गेली असेल किंवा वेल्डिंगचे गोळे दिसत असतील, तर तिथूनच माघारी फिरा. तो खांब पुन्हा नीट बसवणं साध्या गॅरेजचं काम नाही.

मग खटका. दरवाजा उघडा असताना त्याच्या कडेला जो पंजा दिसतो, तो स्क्रूड्रायव्हरने आत ढकला. एक 'टक' येईल, आणखी रेटला की दुसरा 'टक'. दोन्ही यायलाच हवेत. नंतर बाहेरचं हँडल ओढा, पंजा झटकन सुटला पाहिजे. पुन्हा बंद करून आतल्या हँडलने तेच करा. पंजा मोकळा केल्याशिवाय दरवाजा लावू नका, नाहीतर तो खांबावरच्या स्ट्रायकरवर (पंजा ज्याला धरतो तो लोखंडी आकडा) आदळतो आणि दोन्ही जातात. दुसरा 'टक' येत नसेल किंवा पंजा मंद सुटत असेल तर आत धूळ आणि सुकलेलं ग्रीस बसलंय. लॉक काढून रॉकेलने धुवायचं, हवा मारायची, पांढरं लिथियम ग्रीस लावायचं. बऱ्याचदा तेवढ्यावर जुनं लॉक छान चालतं. नुसता डब्ल्यूडी-४० फवारून दिलेला दरवाजा दाखवायच्या दिवशी गोड लागतो. तो फवारा मळ सोडवायला चांगला, पण वंगण म्हणून फार काळ टिकत नाही.

तिसरी गोष्ट स्ट्रायकर. त्याच्या स्क्रूभोवती रंग तुटलाय का, जुन्या जागेचा ठसा वर दिसतोय का? दिसत असेल तर कुणीतरी तो खाली ओढलाय. दरवाजा खाली बसला की पीन बदलायच्या ऐवजी स्ट्रायकर खाली घेतात. दरवाजा लागतो खरा, पण तिरका. वरचं रबर मोकळं राहतं, पावसाचं पाणी आत येतं, आणि पिना झिजायच्या थांबत नाहीत. आधी बिजागरी, मग स्ट्रायकर, हाच क्रम. स्ट्रायकर हलवताना जुन्या जागेभोवती मार्करने रेघ मारून ठेवायची आणि एका वेळी मिलिमीटरभरच सरकवायचा.

बर्फातला गावकरी

मी मूळचा सातारचा, सध्या अमेरिकेत मिशिगनला. इथे पिकअप घराघरात आहे आणि हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे दरवाजे आणि पत्रा हा आमचाही रोजचा विषय.

शिवारवाट, तुमची मागची कड सूतभर बाहेर राहते, हे मला जास्त गंभीर वाटतं. लोखंडकाम दादांनी जे दोन 'टक' सांगितले, त्यातल्या पहिल्यावरच तो दरवाजा अडकत असावा. इथल्या सुरक्षा नियमात दोन्ही टप्प्यांसाठी वेगळी ताकद ठरवलेली आहे. पूर्ण लागलेल्या खटक्याने गाडीच्या लांबीच्या दिशेने ११,००० न्यूटन ओढ सोसली पाहिजे. पहिल्या टप्प्यावर अडकलेल्याने फक्त ४,५००, म्हणजे निम्म्याहूनही कमी. तो टप्पा केवळ दरवाजा अचानक सताड उघडू नये म्हणून ठेवलेला असतो, रोज त्याच्या भरवशावर प्रवास करण्यासाठी नाही. शिवाय धडकेत दरवाजा उघडला तर माणूस बाहेर फेकला जातो. तुमच्या केबिनमध्ये वडील आणि मुलगा बसणार म्हणून हे आवर्जून लिहितोय.

खटक्याला मोठ्या कंपन्याही किरकोळ समजत नाहीत. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेतले सुमारे १३ लाख पिकअप परत बोलावले होते, २०१५ ते २०१७ चे एफ-१५० आणि २०१७ चे सुपर ड्यूटी. थंडीत खटक्यात पाणी गोठायचं किंवा त्याची केबल वाकायची, आणि दरवाजा लागल्यासारखा दिसूनही पूर्ण अडकलेला नसायचा. उपाय म्हणून खटक्यावर पाणी अडवणारं आवरण बसवून दिलं. आपल्याकडे गोठायचा प्रश्न नाही, पण खटक्यात पाणी पोचलं की गंज आणि चिखल तेच काम करतात.

घाटमाथा

दरवाज्यावर सगळे बोलले, मी चॅसिसवर बोलतो. बरीच वर्षं मालवाहू गाडी चालवतोय, कोकणात माल घेऊन उतरतो.

गाडी सपाट जमिनीवर लावा, बाजूला दहा पावलं जा आणि केबिन व हौदा यांच्यातली फट बघा. वर आणि खाली फट सारखी हवी. वर निमुळती होत गेली तर एकतर चॅसिस वाकलंय किंवा हौदा सरकलाय. हौद्याचे यू-बोल्ट ढिले झाले की ब्रेकला हौदा पुढे येतो आणि केबिनच्या पाठीला घासतो. तिथे पोचे किंवा घासल्याच्या खुणा सापडतात. दुसऱ्या बाजूनेही तीच फट बघा. दोन्ही बाजूंत फरक असेल तर गाडीने मार खाल्लाय.

दरवाजा बसायचं अजून एक कारण कुणी लिहिलं नाही: केबिनखालची रबरं. ती चेपली की केबिन एका कोपऱ्यात झुकते, सगळी चौकट पिळते, आणि बिजागरी ठणठणीत असूनही दरवाजा घासतो. क्षमतेच्या दुप्पट माल भरून खड्ड्यांतून काढलेल्या गाडीत हे हमखास. मागचे पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) सरळ झालेले किंवा जादा पानं घातलेली दिसली, की त्या गाडीवर काय भरत होते ते कळलंच.

मिरकरवाड्याची

मी रत्नागिरीहून. आमचा मासळीचा धंदा आहे आणि गाडीचं सगळं मीच बघते. शिवारवाट दादा, एक प्रश्न विचारलात का? या गाडीत आजवर कोणता माल गेला?

मासळीच्या गाडीत बर्फ वितळून खारं पाणी सतत झिरपतं. ते हौद्याच्या सांध्यातून खाली उतरतं आणि हौदा नि चॅसिस यांच्यामध्ये जी लाकडी पट्टी असते, तिच्यात मुरून बसतं. वरून पत्रा धुतला तरी ती पट्टी ओलीच राहते आणि तिच्याखालचं चॅसिस आतल्या आत कुजतं. म्हणून हौद्याचा ताजा रंग बघून खूश होऊ नका. खाली झोपा, टॉर्च लावा, प्रत्येक आडव्या बीमवर छोट्या हातोडीने ठोका. चांगलं लोखंड खणखणतं. कुजलेल्यावर आवाज बद्द येतो आणि पापुद्रे गळतात. विकणाऱ्याला आवडत नाही, पण मी तरी ठोकल्याशिवाय गाडी घेत नाही.

खताच्या गाडीलाही जपा. पोटॅश म्हणजे एक प्रकारचं मीठच, पोती फुटून सांध्यात बसलं आणि ओल मिळाली की पत्रा खातं. किनाऱ्यावरची गाडी तुमच्याकडे स्वस्तात येते, त्याला कारण असतं.

आम्ही खेप झाली की गोड्या पाण्याने खालूनसुद्धा धुतो आणि दरवर्षी मे महिन्यात खालून जळकं ऑइल फवारतो. त्यामुळे आमची जुनी गाडी अजून उभी आहे.

लोखंडकाम

ताई, हातोडीचं शंभर टक्के बरोबर. पण जळक्या ऑइलला माझा विरोध आहे. ते बुशांवर, माउंटिंगच्या रबरांवर, ब्रेकच्या नळ्यांवर बसतं. साधं रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. घाटमाथा आत्ताच केबिनच्या रबरांचं म्हणाले, ती रबरं अशानेही जातात. आणि पहिल्या पावसात ते तेल धुऊन तुमच्याच विहिरीकडे जातं. पोकळीत मेण फवारायचं मिळतं, ते दरवाज्यात आणि बीममध्ये मारा. महाग आहे, पण टिकतं.

मिरकरवाड्याची

मेणाचं मला मान्य आहे, दरवाज्यांसाठी आम्ही तेच वापरतो. पण अख्ख्या गाडीखाली दरवर्षी मेण मारायचं तर लहान धंदेवाल्याला परवडत नाही, आणि मीठ काही थांबत नाही. आम्ही रबरं आणि ब्रेकच्या नळ्या प्लास्टिकने झाकूनच फवारतो. विहिरीचा मुद्दा मात्र बरोबर आहे, त्यावर विचार करते.

बर्फातला गावकरी

ताई, चॅसिसच्या गंजाचा खर्च किती मोठा होऊ शकतो त्याचं एक उदाहरण. टोयोटाच्या टॅकोमा, टुंड्रा आणि सिक्वोया गाड्यांचं चॅसिस गंजत असल्याचा इथे दावा झाला होता. २०१६ मध्ये कंपनीने तडजोड केली. सुमारे १५ लाख गाड्या त्यात येत होत्या आणि एकूण रक्कम ३४० कोटी डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. त्यात गाड्यांची तपासणी आणि गरज पडल्यास पूर्ण चॅसिस बदलून देणं होतं. आपल्या जुन्या गाडीला ते कुणी देणार नाही, तेव्हा आधीच ठोकून बघितलेलं बरं.

कृष्णाकाठ

सगळं वाचलं, पण सांगली जिल्ह्यातली २०१६ ची गाडी आहे आणि महापुराचा विषयच कुणी काढला नाही! ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्याकडे किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते डोळ्यांनी पाहिलंय. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, त्याच वेळी चिपळूणही बुडालं. त्या गाड्या धुऊन, रंगवून बाजारात आल्या आहेत.

पूर दरवाज्यात सापडतो. आतलं पॅड काढायला सांगा. नाही म्हणाले तर तेच उत्तर समजा. पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद असतो, तो बाजूला करून टॉर्चने तळाशी बघा. नेहमीच्या रस्त्याच्या धुळीत खडे असतात. पुराचा गाळ मैद्यासारखा बारीक असतो आणि कोपऱ्यात थर धरून बसतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. रोज वापरात नसलेल्या टोकाकडे मातकट पट्टा दिसला तर पाणी तिथवर आलं होतं. सीटखालचे बोल्ट आणि स्टिअरिंगखालच्या वायरींचे जोड बघा, हिरवट थर चढला असेल तर सोडून द्या.

लोखंडकाम

कृष्णाकाठ यांचं फार मोलाचं. त्या प्लास्टिकच्या कागदाबद्दल एक विनंती. काच दुरुस्त करताना बरेच मिस्त्री तो फाडून फेकतात. काचेच्या बाहेरच्या रबराजवळून पाणी दरवाज्यात उतरणारच, सगळ्या गाड्यांत उतरतं. ते केबिनमध्ये येऊ नये म्हणून तो कागद असतो, आणि ते खाली निघून जावं म्हणून दरवाज्याच्या तळाला छोटी भोकं असतात. कागद गेला की केबिनचा तळ कुजतो. भोकं चिखलाने बुजली की पाणी दरवाज्यातच साठतं. बाहेरचा पत्रा जिथे आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो, त्या घडीत ते मुरतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर रंगाला फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा जाळी झालेला असतो. दरवाज्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. लांबी (पुटी) भरलेली असेल तर कड जाड आणि गुळगुळीत लागते. कापडात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक लावून बघा, जाड लांबीवर ते धरत नाही.

क्लीनरच्या बाजूचं हँडल बहुतेक रॉडची प्लास्टिक क्लिप तुटल्यामुळे चालत नसेल. क्लिप अगदी स्वस्त असते. पण ती तुटली तर बदलून का घेतली नाही, हे विचारा. कधीकधी खटकाच इतका जाम झालेला असतो की ओढून ओढून क्लिप तुटते, आणि नवी टाकली तरी पुन्हा तुटते. ही बाजू तशीच ठेवून गाडी चालवू नका. अपघातात बाहेरच्या माणसाला दरवाजा उघडता आला पाहिजे.

शिवारवाट

आज पुन्हा जाऊन आलो, पुतण्याला बरोबर नेलं. ड्रायव्हरच्या दरवाज्यात पिनांचा खेळ आहे, खांब शाबूत आहे. स्ट्रायकर खाली ओढलेला, जुना ठसा स्पष्ट दिसतो. दुसरा 'टक' दरवाजा उघडा असताना येतो, म्हणजे लॉक चालतंय, पण दरवाजा बसल्यामुळे पंजा तिथवर पोचत नसावा. चॅसिसवर ठोकलं, आवाज खणखणीत. मालक म्हणतो टोमॅटो आणि ढबू नेत होतो. केबिन-हौद्यातली फट सारखी आहे.

मग पॅड काढायला सांगितलं. एजंट तयार नव्हता, मालकाने स्वतः काढलं. तळाशी बारीक गाळाचा थर. सीटबेल्टचं टोक मातकट. विचारल्यावर मालक म्हणाला, २०१९ ला गाडी त्याच्याकडे नव्हती, त्याआधीच्या मालकाचं त्याला माहीत नाही. खोटं बोलत असावा असं वाटलं नाही.

लोखंडकाम

चॅसिस आणि खांब चांगले असतील तर दरवाज्याचं काम मी करून देऊ शकतो. पिना, बुश, दोन्ही लॉक धुणं, तळ साफ करून मेण. भाव चांगलाच खाली आणला तर विचार करता येईल.

कृष्णाकाठ

मी असहमत. दरवाजा दुरुस्त होईल, पण पाण्यात राहिलेल्या वायरी पाठ सोडत नाहीत. एक जोड साफ केला की पुढचा धरतो. द्राक्षाच्या हंगामात रात्री गाडी रस्त्यात बंद पडली तर त्या एका खेपेत वाचवलेले पैसे जातात.

शिवारवाट

घरी बोललो. सोडून दिली. विट्याला एक आहे असं कळलंय, ती बघणार. कागदांचं काय बघायचं तेही कुणी सांगा.

घाटमाथा

कागदांत फार गुंता नाही. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. कर्ज असेल तर बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. मालवाहू गाडी आठ वर्षांवरची झाली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो, तेव्हा शेवटचा केव्हा झालाय ते बघा. आरसीवर जशी बॉडी लिहिलीय तशीच गाडीवर आहे का तेही पडताळा. चाऱ्यासाठी बाजूच्या पट्ट्या उंच केलेल्या असतात आणि नोंद नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असा बदल बसत नाही, आणि पासिंगला ते निस्तरायची पाळी नव्या मालकावर येते. कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसिस नंबर टाकून गाडी कधी परत बोलावली होती का तेही बघून घ्या.

मिरकरवाड्याची

आणि फाळका राहिलाच की. शिवारवाट दादांनी पहिल्याच पोस्टमध्ये तारेने बांधलेली कडी लिहिली होती. हे मला दरवाज्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. कडीची पीन झिजली की चढावर सगळ्या मालाचा रेटा त्या तारेवर येतो. मागून दुचाकीवर कुणी असेल तर क्रेट त्याच्या अंगावर. आमच्या ओळखीच्या एका हमालाचं मनगट असंच गेलं. बिचाऱ्याने समोर उभं राहून कडी सोडली, माल टेकलेला होता, फाळका अंगावर आला. उघडताना नेहमी बाजूला उभं राहायचं, एक कडी सोडून दाब किती आहे ते बघायचं, मगच दुसरी.

शिवारवाट

ताई, विट्याच्या गाडीचे फोटो आलेत. फाळक्याच्या कड्या जागेवर आहेत, पण दोन्ही चेन नाहीत. नव्या टाकायच्या तर कशा घ्यायच्या?

लोखंडकाम

चेन दोन्ही बाजूंना सारख्या लांबीची घ्या, नाहीतर फाळका एका कोपऱ्यावर लोंबून पिळतो आणि पुढे कडीत बसत नाही. लांबी अशी ठेवा की फाळका आडवा थांबेल, खाली सुटून बंपरवर किंवा मागच्या दिव्यांवर आदळणार नाही. हुक नुसता वाकवलेला नको, स्प्रिंगची जीभ असलेला घ्या, खड्ड्यात उसळून निघत नाही. चेन अडकवायचा डोळा पत्र्याला जोडू नका, फाळक्याच्या चौकटीच्या अँगलला वेल्ड करा आणि वेल्डिंग गार झाल्यावर लगेच रेड ऑक्साइड मारा. फाळक्याच्या खालच्या बिजागऱ्यांना आठवड्यातून एकदा ग्रीस. जाताना टॉर्च, लोहचुंबक आणि हातोडी विसरू नका, आणि दरवाज्याच्या तळाच्या भोकांत सायकलचा स्पोक घालून बघा, काय बाहेर येतं ते इथे लिहा.